लांब पल्ल्याची फटफटी

मोटारसायकलींचे टूरिंग, स्पोर्ट आणि ॲडव्हेंचर असे तीन वर्ग आज शोरूममधला विक्रेताही सहज सांगतो. पाठ आणि मनगटे न दुखता दिवसभर चालवता येते ती टूरिंग. वेगासाठी आणि वळणांसाठी पुढे झुकून बसायचे ती स्पोर्ट. डांबर संपले तरी चालत राहते ती ॲडव्हेंचर. युरोपात आणि जपानमध्ये हे वर्ग कारखान्यांनी घडवले. बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आर ८० जी/एस आणली, १९८१ मध्ये तिच्यावर ह्युबेर ओरिओलने पॅरिस-डाकार शर्यत जिंकली, आणि ॲडव्हेंचर वर्गाची सुरुवात तिथून धरली जाते. शर्यतीची गाडी रस्त्यावर उतरवण्याचे काम सुझुकीच्या जीएसएक्स-आर ७५० ने १९८५ मध्ये केले. भारतात क्रम उलटा राहिला. लडाख, कच्छ, कोकण आणि सह्याद्रीचे घाट इथल्या लोकांनी आधी पालथे घातले. त्यासाठी बनवलेल्या गाड्या पुष्कळ उशिरा आल्या. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत गस्तीसाठी, शेतीच्या कामासाठी किंवा कचेरीत जाण्यायेण्यासाठी घेतलेल्या गाडीलाच मालकांनी कॅरिअर, क्रॅश गार्ड आणि डबे बांधले आणि तिच्याकडून हवे ते काम करून घेतले. त्यामुळे या गाड्यांचा भारतातला इतिहास हा सर्वांत आधी त्यांच्या मालकांचा इतिहास आहे.

स्वातंत्र्यापूर्वी मोटारसायकल म्हणजे आयात केलेली विलायती गाडी. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल ही नावे मोठ्या शहरांत आणि संस्थानांत माहीत होती. महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्याही लोकांच्या हाती आल्या. त्या काळातल्या लांबच्या प्रवासाची ठळक नोंद एका परदेशी माणसाची आहे. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण १९३२ मध्ये डग्लस मोटारसायकलवर लंडनहून निघाला आणि भारतासह आशिया ओलांडून पुढच्या वर्षी मायदेशी पोचला.

खरा आरंभ बुलेटपासून होतो. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने युद्धानंतर बुलेट ३५० च्या मागच्या चाकाला शॉकॲब्सॉर्बरसह वरखाली हलणारा स्विंगआर्म दिला. तोवर बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक चॅसीला घट्ट बसवलेले असे आणि खड्ड्याचा दणका थेट कण्यापर्यंत जाई. सीमेवरच्या गस्तीसाठी भारत सरकारने हीच गाडी निवडली आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८०० गाड्यांची मागणी नोंदवली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्रियूरला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून येत आणि इथे जोडले जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सगळी गाडी इथेच बनू लागली. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७० मध्ये बंद पडली. मद्रासची चालू राहिली आणि १९७७ पासून तिथली बुलेट उलट इंग्लंडला जाऊ लागली.

बुलेटच्या इंजिनाची क्षमता ३४६ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. स्ट्रोक व्यासापेक्षा एवढा लांब असल्यामुळे इंजिन संथ फिरते, पण संथ फिरतानाही त्याला ओढ असते. ताकद १८ अश्वशक्तीच्या घरात, म्हणजे आजच्या मानाने किरकोळ. तरीही डबलसीट आणि मागे पेटी बांधून घाट चढताना सारखे गिअर बदलावे लागत नसत. ताशी ५०-६० च्या वेगाला ही गाडी दिवसभर चाले. ८० च्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट थरथरू लागत. त्या काळातल्या अरुंद रस्त्यांवर यापेक्षा वेगाने जाण्याची सोय फारशी नव्हतीच. लांब पल्ल्यासाठी बुलेट सोयीची ठरली ती अशी, रस्त्याचा आणि इंजिनाचा वेग जुळल्यामुळे.

ती चालू करणे मात्र शिकावे लागे. किल्ली फिरवून टाकीपुढच्या ॲमीटरवर नजर ठेवायची. किक हळूहळू दाबत जायचे. काटा एका बाजूला झुकलेला असतो. पिस्टन वर येऊन पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. तिथे थांबायचे, डाव्या हाताकडचा डिकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून सिलिंडरमधला दाब सोडायचा आणि किक अगदी थोडी पुढे सरकवायची. मग लिव्हर सोडून, किक वर येऊ देऊन, सगळे वजन टाकून एकच किक मारायची. यात घाई झाली तर किक उलटी येई आणि घोटा सुजे. नव्या मालकाला हे जमेपर्यंत शेजारीपाजारी, मेकॅनिक आणि आधीचे बुलेटवाले यांच्याकडून धडे घ्यावे लागत. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असल्यामुळे दुसऱ्या गाडीवरून आलेल्या माणसाला पहिले काही दिवस ब्रेकच्या जागी गिअर सापडे. टॅपेट, पॉइंट आणि चेन यांचे सेटिंग ही ठरावीक किलोमीटरमागची कामे होती, आणि इंजिनाच्या जोडांतून पाझरणाऱ्या तेलासाठी गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवण्याची चाल घरोघरी होती. या सगळ्याचा फायदा एवढाच आणि तो मोठा होता: गाडी कुठेही बंद पडली तरी मालकाला ती कशाने बंद पडली ते कळे, आणि पान्हे, प्लग, पॉइंटचा संच एवढ्या सामानात ती बहुधा पुन्हा चालू होई.

महाराष्ट्रात, विशेषतः साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, दारातली बुलेट ही घराची पत झाली. तिथे १९९० च्या दशकात तिचे एक वेगळे रूपही दिसले. एनफिल्डने ग्रीव्हजचे ३२५ सीसीचे डिझेल इंजिन बसवलेली टॉरस आणली. वेग ताशी ६५ च्या पलीकडे जात नसे आणि थरथर भरपूर, पण डिझेल तेव्हा पेट्रोलच्या मानाने बरेच स्वस्त होते. दूधवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती आवडीने घेतली आणि गाडीचे आयुष्य संपेपर्यंत वापरली.

बुलेटच्या बरोबरीने दोन गाड्यांनी देशभर मुलूख पाहिला. पहिली जावा. रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर म्हैसूरला कारखाना काढला आणि १९६१ पासून २५० सीसीची जावा तिथे बनू लागली. १९७० च्या दशकात तिचे नाव येझदी झाले. टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि किकचा दांडा पुढे फिरवला की तोच गिअरचा लिव्हर. दुसरी राजदूत. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली ही १७५ सीसीची मोटारसायकल एस्कॉर्ट्सने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि ती खेड्यांत दुधाचे कॅन वाहण्यात मुरली. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात दिसलेली तिची छोटी बहीण, जीटीएस १७५, लोकांच्या तोंडी ‘बॉबी’ याच नावाने राहिली.

या टू-स्ट्रोक गाड्यांच्या प्रवासाचे तंत्र वेगळे होते. इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे, लिटरमागे ४० ते ५० मिलिलिटर. पंपावर मापाने तेल मिळे, पण आडगावात खात्रीचे तेल मिळेलच असे नाही, म्हणून मालक तेलाचा डबा आणि छोटे माप बरोबर बाळगत. तेल कमी पडले तर लांबच्या चढावर पिस्टन सीझ होई आणि मागचे चाक जागच्या जागी अडके. तेल जास्त झाले तर प्लगवर काजळी धरे आणि गाडी मिसफायर करू लागे. म्हणून अनुभवी येझदीवाल्याचा डावा हात लांब उतारावरही क्लचपासून दूर जात नसे. आवाज बदलला की क्षणात क्लच दाबायचा. पुष्कळ गाड्यांना पेट्रोलचा काटा नव्हता. टाकीखालची चावी रिझर्व्हवर वळवावी लागली की पुढचा पंप किती लांब आहे याचा हिशेब सुरू होई. पुणे-बंगळूर, मुंबई-गोवा हे रस्ते तेव्हा दुपदरी होते, मुक्काम एसटी स्टँडजवळच्या लॉजवर होत, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी राजदूत किंवा येझदी उघडणारा मेकॅनिक हमखास असे. त्या काळच्या प्रवाशाची खरी सुरक्षा त्या मेकॅनिकांच्या जाळ्यात होती, आणि इतिहासलेखनात त्याची दखल फार कमी घेतली गेली आहे.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी गाड्या मोडीत निघाल्या नाहीत. मालकांनी सुटे भाग साठवले, काही लेथवर करून घेतले, एकमेकांना पुरवले. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी शहराशहरांतले जावा-येझदीवाले गाड्या घेऊन एकत्र जमतात. या निष्ठेची बाजारातली किंमत महिंद्राने ओळखली आणि २०१८ मध्ये क्लासिक लेजेंड्स कंपनीमार्फत जावाचे नाव नव्या फोर-स्ट्रोक गाडीवर परत आणले.

वेगाची हौस मद्रासजवळच्या शोलावरमला वाढली. महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती भरत. सामान्य माणसाला त्या वेगाची चव दिली ती १९८३ मध्ये आलेल्या एस्कॉर्ट्सच्या राजदूत ३५० ने, म्हणजे यामाहा आरडी ३५० ने. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची होती. भारतासाठी ती ३०.५ आणि नंतर २७ पर्यंत उतरवण्यात आली, आणि खर्च वाचवण्यासाठी पुढच्या चाकाचा डिस्क ब्रेक काढून ड्रम ब्रेक दिला गेला. बुलेटच्या १८ अश्वशक्तीची सवय असलेल्या देशात हेही अतिच होते. इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या वर गेले की गाडी एकदम उसळी घेई आणि त्या वेगातून थांबवायला ड्रम ब्रेक अपुरे पडत. एव्हरेज इतके कमी की पगारदार माणसाचा महिन्याचा हिशेब कोलमडे. महाग सुटे भाग, कमी मेकॅनिक आणि अपघातांमुळे पसरलेली भीती यांमुळे काही वर्षांतच ती बंद झाली. विकली जात असताना जिची उपेक्षा झाली, तीच गाडी पुढे संग्राहक लाखांत मागू लागले.

आरडीने जे अर्धवट सोडले ते यामाहा आरएक्स १०० ने पुरे केले. परदेशी कंपन्यांशी भागीदारी करून १०० सीसीपर्यंतच्या दुचाकी बनवण्याची मुभा सरकारने दिल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यात चार जपानी जोड्या उतरल्या: इंड-सुझुकी, हीरो होंडा, एस्कॉर्ट्स यामाहा आणि कावासाकी बजाज. हीरो होंडाची सीडी १०० पेट्रोल वाचवणारी म्हणून घराघरांत गेली. १९८५ ची आरएक्स १०० मात्र ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढी आणि वजनाला हलकी होती, त्यामुळे सिग्नलवर ती मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकी. महाविद्यालयीन मुलांची, सोनसाखळी चोरांची आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्यांचीही ती आवडती गाडी झाली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोकची सद्दी संपली. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले.

याच सुमारास लांब पल्ल्याला लडाख हे एक ठिकाण मिळाले. लेह १९७४ मध्ये पर्यटकांसाठी खुले झाले होते, पण मनाली-लेह हा लष्करी रस्ता सामान्य वाहतुकीला १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोकळा झाला. सुमारे ४७५ किलोमीटरचा हा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच उघडा असे. रोहतांग, बारालाचा ला आणि ५,३०० मीटरच्या वरचा तांगलांग ला अशा खिंडी ओलांडून तो जातो. सीमा सडक संघटनेने खारदुंग ला खिंडीत लावलेल्या पाटीवर १८,३८० फूट उंची लिहिलेली होती. नंतरच्या मोजणीत ती सुमारे ८०० फुटांनी कमी, ५,३५९ मीटर भरली. तोवर त्या पाटीशेजारी गाडी उभी करून काढलेली छायाचित्रे देशभरातल्या घरांत लागली होती.

लडाखच्या प्रवासात इंजिनाची खरी परीक्षा हवेमुळे होते. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५ ते ६० टक्के राहते. कार्बोरेटर मात्र पेट्रोल पूर्वीच्याच हिशेबाने सोडतो, मिश्रण दाट होते, प्लग काळे पडतात आणि गाडी पहिल्या गिअरमध्येही धापा टाकते. काही मालक मनालीत छोटा जेट बसवून घेत, काही एअर फिल्टर काढून ठेवत; मागे बसलेल्याला उतरून चालायला सांगणे हा शेवटचा उपाय. पेट्रोलची अडचण त्याहून मोठी. वाटेतल्या तांदी गावच्या पंपावरची पाटी सांगे की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे. बुलेटची टाकी आणि चढावरचे एव्हरेज पाहता हे अंतर काठावरचे होते, म्हणून मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कॅरिअर वेल्ड करून त्यात पाच-पाच लिटरचे डबे बसवले जाऊ लागले. बर्फ दुपारी वितळते आणि नाल्यांचे पाणी चढते, तेव्हा पागल नाल्यासारखी ठिकाणे सकाळी लवकर ओलांडायची; दोन दिवस लेहला थांबून हवा अंगवळणी पडू द्यायची; ही सगळी माहिती कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेत नव्हती. आधी जाऊन आलेल्यांनी ती पुढच्यांना दिली.

त्यातली एक युक्ती आजही जुने लोक शिकवतात. नवी क्लच केबल आणि नवी ॲक्सिलरेटर केबल पिशवीत ठेवायची नाही. जुन्या केबलला लागूनच ती हँडलपासून इंजिनापर्यंत टाकून ठेवायची, तोंडे प्लॅस्टिकने बांधून, जागोजाग इन्सुलेशन टेप लावून. चार-साडेचार हजार मीटरवर, गारठलेल्या बोटांनी, टाकी उतरवून केबल ओवायला तास लागतो. शेजारी तयार असलेल्या केबलची दोन टोके अडकवली की काम दहा मिनिटांत होते.

परदेशी प्रवाशांनीही या नकाशात भर घातली. ट्रायम्फ टायगर १०० वर १९७३ ते १९७७ या काळात जगप्रवास करणारा टेड सायमन भारतातून गेला. पुढे स्वतःची गाडी आणण्याऐवजी इथली जुनी बुलेट घेण्याची पद्धत पडली. दिल्लीच्या करोलबागेत जुन्या बुलेट नीटनेटक्या करून विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा मोठा धंदा उभा राहिला. हिवाळा गोव्यात आणि उन्हाळा मनालीत असा त्या गाड्यांचा फेरा असे. गोव्याला मोटारसायकल नवी नव्हती. पिवळ्या मडगार्डची गाडी घेऊन भाड्याने सवारी नेणारे पायलट तिथल्या रोजच्या वाहतुकीचा भाग होते आणि आहेत. बुलेटवाल्यांच्या क्लबांचा रायडर मेनिया हा वार्षिक मेळावाही गोव्यातच रुजला, आणि २०१३ पासून इंडिया बाइक वीक तिथे भरू लागला.

एवढे सगळे होत असताना एनफिल्ड स्वतः डबघाईला आली होती. १९९४ मध्ये ती आयशर समूहात विलीन झाली. २००० च्या सुमारास सूत्रे सिद्धार्थ लाल यांच्याकडे आली. जुने ओतीव लोखंडी इंजिन जाऊन नवे ॲल्युमिनियमचे आले, गिअर डावीकडे आला, बटण-स्टार्ट आले. जुन्या मालकांनी यातल्या प्रत्येक बदलाला नाके मुरडली. त्यांची तक्रार पोकळ नव्हती, कारण इंजिनाचा तो संथ ठोका खरोखरच बदलला. पण २००९-१० मध्ये आलेल्या क्लासिक ३५० ने दाखवून दिले की जुने रूप आणि कटकटीविना चालणारे इंजिन एकत्र मिळाले तर बुलेट घेऊ पाहणारा वर्ग फार मोठा आहे.

रोजच्या गाडीतच थोडी हौस मिसळण्याची वाट दुसऱ्यांनी काढली. हीरो होंडाच्या सीबीझेडने १९९९ मध्ये ती दाखवली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजच्या पल्सर १५० आणि १८० ने ती रुंद केली. पल्सर आकुर्डीच्या अभियंत्यांनी घडवली. तोवर बजाज म्हणजे स्कूटर, आणि मोटारसायकलचे तंत्र कावासाकीचे, ही समजूत तिने मोडली. २००३ च्या हीरो होंडा करिझ्माला २२३ सीसी आणि १७ अश्वशक्ती होती; तिची सीट आणि हँडल लांबच्या प्रवासाला इतके जुळले की दिवसाला सात-आठशे किलोमीटर मारणाऱ्यांनी तिला वर्षानुवर्षे सोडले नाही. सुवर्ण चतुष्कोनाचे चौपदरी रस्ते याच वर्षांत तयार होत होते, आणि ताशी ९०-१०० चा वेग तासन्‌तास टिकवणारी गाडी प्रथमच गरजेची झाली. महाराष्ट्रात मात्र नव्या रस्त्यांपैकी सगळे दुचाकीला मिळाले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि २०२४ चा अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. सुरक्षेचे कारण समजण्यासारखे असले तरी महामार्गावर चालवण्यासाठीच बनलेल्या गाडीलाही त्यातून सूट नाही, ही मालकांची जुनी तक्रार आहे. पुण्या-मुंबईचे लोक त्यामुळे जुन्या रस्त्यानेच घाट चढतात आणि पावसाळ्यात माळशेज, ताम्हिणी, वरंध या घाटांकडे वळतात.

आयात मोठ्या गाड्यांचे दार उघडले ते आंब्यामुळे. अमेरिकेने भारतीय आंब्यावरची बंदी उठवावी आणि भारताने हार्ले-डेव्हिडसनला वाट द्यावी, अशी देवघेव २००७ मध्ये झाली. ८०० सीसीच्या वरच्या गाड्यांना युरोपीय प्रदूषण मानकावर आयातीची परवानगी मिळाली. इकडून हापूस आणि केसर लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होऊन अमेरिकेला रवाना झाले. हार्लेची विक्री २०१० मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये हरियाणात बावलला जोडणी होऊ लागली. आयात शुल्कामुळे या गाड्यांच्या किमती दुप्पट होत; २०१८ मध्ये ते ५० टक्क्यांवर आणले गेले. विकत घेणाऱ्यांना हौसेबरोबर उन्हाचा चटकाही सोसावा लागला, कारण एवढे मोठे इंजिन मे महिन्यात मुंबईच्या गर्दीत उभे राहिले की दोन्ही मांड्या भाजतात. २०२० मध्ये हार्लेने स्वतःचा कारभार आवरला आणि हीरोशी करार केला. २०२३ मध्ये त्यातून ४४० सीसीची, भारतातच बनणारी एक्स ४४० निघाली.

खरा पालट बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून झाला. बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०१२ मध्ये ड्यूक २०० आणि २०१३ मध्ये ३९० आली. ३७३ सीसी, ४३ अश्वशक्ती, जोरात दाबले तरी चाक अडकू न देणारे एबीएस ब्रेक, आणि किंमत दिल्लीत १ लाख ८० हजार. तोवर एवढी ताकद एवढ्या पैशांत मिळत नसे. यामाहाच्या आर१५ ने २००८ मध्ये वळणावर गाडी कशी बसली पाहिजे हे तरुणांना शिकवले होते. केटीएमने ताकद दिली. चाकणच्या गाड्या युरोपसह जगभर जाऊ लागल्या. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली, तेव्हा २०२५ मध्ये तिला सावरणारा पैसा बजाजनेच उभा केला. ट्रायम्फची स्पीड ४०० सुद्धा २०२३ पासून चाकणलाच बनते.

ॲडव्हेंचर वर्ग शेवटी आला. हीरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणून पाहिली. सस्पेन्शन उत्तम, पण इंजिन महामार्गाला अपुरे. ती टिकली नाही. दरम्यान १९९९ पासून रेड द हिमालय ही रॅली भरत होती आणि तिच्यातून चालक तयार होत होते. बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डाकार रॅली ३६ व्या क्रमांकाने पुरी केली; असे करणारे ते पहिले भारतीय. केरळचे हरित नोआ २०२४ मध्ये अकरावे आले आणि रॅली-२ गटात पहिले ठरले. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डने ४११ सीसीची हिमालयन काढली. पुढचे चाक २१ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची, मागे कॅरिअर आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना पेट्रोलचे डबे बसवण्यासाठी लोखंडी चौकटी. लडाखला जाणाऱ्या मालकांनी वीस-पंचवीस वर्षे गल्लीतल्या वेल्डरकडून जे करून घेतले होते, ते कंपनीने कारखान्यातूनच बसवून दिले. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी पुष्कळ आल्या. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शनसह सुधारलेली गाडी आली आणि उंचीवर धापा टाकण्याचा जुना त्रासही त्याबरोबर बराच घटला. त्यानंतर हीरोची एक्सपल्स २०० (२०१९), केटीएमची ३९० ॲडव्हेंचर (२०२०) आणि पाण्याने थंड होणारे इंजिन असलेली ४५० सीसीची हिमालयन (२०२३) अशी रांग लागली.

गेल्या काही वर्षांत मालकाच्या अनुभवावर कायद्याचा प्रभाव वाढला आहे. १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के आणि त्यावरच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. क्लासिक ३५० यामुळे स्वस्त झाली, मोठे इंजिन असलेल्या टूरिंग आणि ॲडव्हेंचर गाड्या महागल्या. लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेली मोटारसायकल चालवू दिली जात नाही, म्हणून स्वतःची गाडी नेणारा माणूस नोंदणीचे कागद पहिल्या खिशात ठेवतो. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा चिखल चुकवता येतो.

एप्रिल २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला आणि त्याबरोबर रस्त्याकडेच्या मेकॅनिकचे हातही बांधले गेले. इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनर जोडल्याशिवाय दोष सापडत नाही, आणि स्कॅनर जिल्ह्याच्या गावच्या सर्व्हिस सेंटरला असतो. प्रवासाच्या पिशवीतून पॉइंट, कंडेन्सर आणि टू-स्ट्रोक तेलाचा डबा गेले. त्यांच्या जागी ट्यूबलेस टायरच्या पंक्चरची पट्टी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, फ्यूज आणि चेनचा स्प्रे आला. तारांच्या चाकाची, ट्यूबवाली हिमालयन किंवा एक्सपल्स असेल तर मात्र टायर उतरवण्याच्या पट्ट्या आणि जास्तीची ट्यूब अजूनही बरोबर घ्यावी लागते.